तिसरी फेरी, तोंडात टाचण्या

३ जून, दुपार

भिंगरे,

माझं सगळं उलटंपालटं झालं तो क्षण आधी सांगून टाकतो. मी जमिनीवर उकिडवा बसलो होतो, हातात खडू, आजूबाजूला उसवलेल्या धाग्यांचा ढीग. एका चीफ इंजिनिअर बाईने माझ्याकडे बोट दाखवून मावशीला विचारलं, "हा पोरगा दुसऱ्याचं बोलणं तोडतो का?"

मावशीने मशीनवरून मानही वर केली नाही. "तोडतो? त्याला दुसरं काही येतच नाही."

"मग पाठव त्याला वर."

हा कसला क्षण, असं म्हणशील. थांब, सांगतो.

कॉलेज सोडल्यावर बाबांनी "या घरात एकाच माणसाचा आवाज चढेल आणि तो मी असेन" असं जाहीर केलं आणि माझी रवानगी मावशीच्या दुकानात झाली. बंदराच्या मागच्या फाटकासमोर हे दुकान आहे. मावशी जहाजावरचे बॉयलर सूट मापाचे करून देते. हे सूट शिवणाऱ्याने जगात बाई म्हणून कुणी असते हे कधी ऐकलेलंच नाही. खांदे लोंबतात, बाह्या बोटांच्या पुढे येतात. इंजिन रूममध्ये लोंबती बाही फिरत्या दांड्यात गेली की हातही जातो. म्हणून जहाज लागलं की त्यावरच्या बाया पहिल्यांदा इथे येतात. मावशी टाचण्या लावते, मी खडूने खुणा करतो, कोपऱ्यातले इस्त्रीवाले काका वाफ सोडतात.

पण माप झाल्यावर त्या परत जात नाहीत. जिना चढून वरच्या खोलीत जातात. कुणी तास बसतं, कुणी दोन तास. वरून हसणं, भांडणं, टेबलावर हात आपटल्याचे आवाज. मला तिथे जायची बंदी होती. वर काय चालतं या विचाराने मी तीन पँटच्या भलत्याच शिलाया उसवल्या.

तर गेलो वर. एक लांब टेबल, एक मोठा स्क्रीन, एक कपाट उघडं. कपाटात लहान मापाचे सेफ्टी बूट, हातमोजे, आवाज अडवायचे कानावरचे पट्टे. या मापाचे बूट जहाजावर मिळत नाहीत, म्हणून ते एकीकडून दुसरीकडे जगभर फिरतात. या बंदरात ठेवायचे, त्या बंदरात उचलायचे. असली कपाटं म्हणे आणखीही कितीतरी ठिकाणी आहेत.

चीफ म्हणाल्या, "खुर्चीत बस. मुलाखतीचा सराव आहे. तू कंपनीचा साहेब. ही थर्ड इंजिनिअर, वरच्या, सेकंडच्या जागेसाठी आलीय. ती बोलायला लागली की तिला बोलू द्यायचं नाही."

"म्हणजे नक्की काय करू?"

"घरी करतोस ते."

थर्ड माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. पाणी गाळायच्या यंत्राबद्दल बोलायला लागली. मी पहिल्याच वाक्यात "ते राहू द्या" म्हटलं. मग घड्याळ पाहिलं. मग तिचंच म्हणणं जरा फिरवून माझं म्हणून सांगितलं. मग खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवली. ती अडखळली, लाल झाली, गप्प झाली.

मला वाटलं आता मला हाकलणार. चीफ टाळ्या वाजवत होत्या. "अगं, हा तर देवाची देणगी आहे!"

भिंगरे, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वभावाचं कुणीतरी कौतुक केलं. तुला कळवावंसं वाटणारच ना?

तुझा पत्ता नाही माझ्याकडे. म्हणून हे पत्र मावशीच्या बटणांच्या डब्यात ठेवतोय.

तुझा (हा शब्द अजून चालतो का ते कळव)
काडेपेटी


१९ जून

भिंगरे,

आता मी इथला अधिकृत साहेब आहे. मावशी मला "या राजे, दरबार भरलाय" म्हणून वर पाठवते.

चीफ सध्या रजेवर आहेत, रोज येतात. पद्धत अशी आहे. पहिल्या फेरीत मी वाटेल तसं तोडायचं. दुसऱ्या फेरीत मी तोडायचं आणि समोरचीने आपलं वाक्य परत हातात घ्यायचं. आरडाओरडा न करता, रडं न आणता. "माझं वाक्य पुरं करते, मग तुमचं ऐकते", एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. करून बघ. नाही, तू नको, तुला येतं.

आणि तिसऱ्या फेरीत मी गप्प बसायचं. ती शेवटापर्यंत बोलणार आणि मी एक चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या दिवशी मी तिसऱ्या फेरीत चार वेळा बोललो. चीफनी मावशीला हाक मारली, मावशी वर आली, आपल्या ओठांतल्या टाचण्या काढून पुसल्या आणि माझ्या ओठांत एकेक करून खोचल्या. "आता बोल. गिळशील."

तेव्हापासून तिसरी फेरी म्हणजे तोंडात टाचण्या. गंमत सांगू? तोंड बंद असलं की कान आपोआप मोठे होतात. त्या थर्डला मी एवढे दिवस बोलताना पाहिलं होतं, पण तिचं बोलणं टाचण्या असतानाच ऐकलं. बाई भारी हुशार आहे. तिच्या जहाजावर पंप बंद पडला तेव्हा तिने आवाजावरून ओळखलं होतं की कुठलं बेअरिंग गेलं. पहिल्या फेरीत मी तिला त्या पंपापर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

या बायका एकमेकींना काय काय देतात, त्याची मोजदाद नाही. कुठल्या जहाजावर जागा होतेय, कुठल्या कॅप्टनसमोर ठाम बोललेलं चालतं, कुठल्या केबिनची कडी नीट लागत नाही. स्क्रीनवर एक चष्मेवाली येते, ती कुठल्या तरी समुद्राच्या मध्यावर सेकंड ऑफिसर आहे. चित्र तुटतं, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, तरी येते. परवा ती थर्डला म्हणाली, "मला तीन नकार आले तेव्हा चीफनी रोज फोन केला होता. मी तुला करीन. तू पुढे कुणाला तरी कर."

आता मुद्द्याचं. साहेबाच्या प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला असतो. तुला माहीत आहे कुठला. मी तो विचारायला का-कू करत होतो, पण चीफ म्हणाल्या, सगळीकडे विचारतात, न विचारून कसं चालेल? म्हणून विचारला. "आणि लग्नाचं काय?"

थर्ड म्हणाली, "करीन किंवा करणार नाही. तुमच्या पंपाला दोन्ही चालेल."

चष्मेवाली म्हणाली, "माझ्या आधीच्या उमेदवाराने यावर काय उत्तर दिलं, सर? ते ऐकून माझं देते." आधीचा उमेदवार पुरुष होता, असं धरायचं.

चीफ स्वतः म्हणाल्या, "झालंय. नवऱ्याला होडीतसुद्धा उलटी होते, म्हणून घर तो सांभाळतो. पुढचा प्रश्न?"

मी ही उत्तरं गोळा करत बसलोय. तुझं यातलं कुठलं असतं? की चौथंच काही? तुझ्या त्या मुलाखतीच्या दिवशी मी दाराला कान लावून उभा होतो हे तुला ठाऊक आहे. त्या टकल्याने विचारलं, "लग्नाचं काय? आम्ही शिकवायचं आणि तुम्ही दोन वर्षांत सासरी जायचं." मग तू श्वास घेतलास. तो श्वास मला दाराबाहेर ऐकू आला. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, मी परत सांगत नाही.

पण त्या श्वासानंतर काय येणार होतं?

काडेपेटी


२ जुलै, संध्याकाळ

भिंगरे,

आज बॉम्ब फुटला.

चहा झाला होता. थर्डची तिसरी फेरी चालू होणार होती, म्हणजे माझ्या तोंडात टाचण्या होत्या. ती घाबरली होती. तिला हसवावं म्हणून चीफनी गोष्ट काढली. "तुझं काय बिघडणार आहे? आमच्यातल्या एकीचं ऐक. कॉलेजातच मुलाखत होती. मुलगी एक नंबर. समोरच्याने तो लग्नाचा प्रश्न विचारला. ती उत्तर देणार, एवढ्यात धाडकन दार उघडून एक मूर्ख आत!"

"कोण?" थर्ड.

"तिचा कुणीतरी. 'असले प्रश्न विचारायची हिंमत कशी झाली' म्हणून टेबलावर चढायचाच बाकी होता. बाहेर जाताना दार असं आपटलं की काच तडकली. कंपनीने कळवलं, उमेदवार चांगली आहे पण सोबत फार आवाज येतो."

सगळ्या हसल्या. स्क्रीनवरची चष्मेवाली एवढी हसली की चित्र गोठलं. मावशी हसत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

मी टाचण्या हातावर थुंकलो. "मूर्ख नव्हता तो!"



चीफनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत माझ्याकडे. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "काडेपेटी तूच का?"

म्हणजे तू माझं नाव घेतलंस! कुठल्या तरी समुद्रात, कुठल्या तरी टेबलाशी, तू काडेपेटी हा शब्द उच्चारलास. मला एवढा आनंद झाला की अपमान झाल्याचं विसरून गेलो. मग आठवलं.

मी म्हणालो, तिचा अपमान होत होता, मी बघत बसायचं होतं का?

"बघत कुठे होतास? दाराबाहेर होतास," थर्ड म्हणाली. पाणी गाळायच्या यंत्राने माझ्यावर सूड घेतला.

मी पत्ता मागितला. जहाजाचं नाव तरी. चीफ म्हणाल्या, "नाही."

"पत्र तरी पोचवा."

"तिने विचारलं तर सांगेन की कुणीतरी लिहितंय. विचारलं तर. आमच्याकडचा एकीचा पत्ता आम्ही दुसऱ्याला देत नाही, म्हणून तर त्या आमच्याकडे येतात."

मी खाली आलो. हो, दार आपटलं. मावशी मागून आली आणि म्हणाली, "वरच्या दाराला काच नाही म्हणून वाचलास. आणि कडी जरा वर उचलून लावावी लागते, नाहीतर ते नीट बसत नाही. किती वेळा सांगायचं?"

एवढंच बोलली. मला वाटलं होतं ती आईला फोन लावेल.

काडेपेटी


७ जुलै

भिंगरे,

एक डाव टाकला होता. फसला. सांगतो, हसू नकोस.

आज चष्मेवालीचा नंबर होता. ती मोठ्या जहाजावर जायचं बघतेय. मी साहेब. मी साहेबी आवाजात विचारलं, "तुमच्या ओळखीत आमच्या कंपनीला घेता येतील अशा मुली आहेत का? एखादी नवीन, उंच, डाव्या हाताने लिहिणारी, जरा भराभर बोलणारी? सध्या कुठल्या जहाजावर आहे?"

चष्मेवालीने चष्मा नीट केला. "या प्रश्नाचा माझ्या कामाशी संबंध समजावून सांगाल का, सर? मग उत्तर देते."

भिंगरे, हे वाक्य मीच तिच्याकडून घोटवून घेतलं होतं! सहा-सात वेळा तिला तोडलं, तेव्हा कुठे ते तिच्या तोंडात बसलं. आता ते माझ्यावरच.

"संबंध असा की..." मी सुरू केलं.

"सर, मी वाट पाहते. सावकाश सांगा."

काकासुद्धा खालून हसले. इस्त्रीच्या वाफेत हसणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला.

थर्डला सेकंडची जागा मिळाली, हे राहिलंच. जहाज यायला अजून अवकाश आहे. तिने आपले जुने बूट कपाटात ठेवले. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "माझ्या मुलाखतीत तुझ्यासारखाच एक होता. पण तुझ्यापेक्षा कच्चा."

मी दिवसभर हे वाक्य खिशात घालून फिरलो.

काडेपेटी


२४ जुलै, रात्र

भिंगरे,

हे पत्र सांभाळून वाच. मीही सांभाळून लिहितोय, तीन कागद फाडून झाले.

माझी कीर्ती पसरली आहे. थट्टा नाही. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर, एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत, बाया सांगतात की अमुक बंदराच्या मागे एका शिंपिणीच्या माडीवर एक तोडणारा पोरगा आहे, त्याच्याकडून एकदा तोडून घ्या, मग जगात कुणाची भीती वाटत नाही. लांबून लांबून स्क्रीनवर येतात. एक तर म्हणाली, "तोच का हा? फोटोत मोठा वाटला होता." माझा फोटो!

आज चीफनी मला बोलावलं. समोर बसवलं. म्हणाल्या, "जहाजावरच्या एका शिकाऊ मुलीचा निरोप आलाय. गॅस नेणाऱ्या जहाजावर फोर्थ इंजिनिअरची जागा आहे, परवा मुलाखत. उद्या सराव हवाय. तिला तो प्रसिद्ध तोडणाराच हवाय, दुसरा कुणी नको."

"मग काय, घेऊ की."

"डाव्या हाताने लिहिते," चीफ म्हणाल्या.

मला मावशीच्या मशीनचा आवाज एकदम फार मोठा ऐकू यायला लागला.

"तिला माहीत आहे मी..."

"नाही. तिला फक्त तोडणारा माहीत आहे. मी सांगितलं असतं, पण आधी तुला विचारावं म्हटलं. तूच ठरव. अर्थात, तू बसणार असशील तर कोण बसलंय हे मी तिला आधी सांगणार."

म्हणजे हो म्हटलं तर उद्या दुपारी तू समोर स्क्रीनवर. चेहरा, आवाज, सगळं. तीन फेऱ्या. आणि तिसऱ्या फेरीत तू शेवटापर्यंत बोलणार. मी ज्या उत्तरासाठी एवढे दिवस डोकं फोडतोय, ते उत्तर मला आयतं. आणि तू नाही म्हणालीस तर? तर सरावच नाही. आणि हो म्हणालीस तर परवाच्या मुलाखतीत तुझ्या डोक्यात पंप असेल की मी?

मी पायऱ्यांवर बसून राहिलो. काका इस्त्री बंद करून जवळ आले. म्हणाले, "मी बसू का त्या खुर्चीत? तू शिकव."

शिकवलं. चीफ उमेदवार झाल्या. त्या बोलायला लागल्या. काका हात वर करून म्हणाले, "माफ करा ताई, आपली हरकत नसेल तर जरा मध्ये बोलू का?"

"काका, विचारायचं नाही! तोडायचं!"

"अरे पण त्या बोलतायत ना."

तासभर हेच. शेवटी काकांनी धीर करून "ते राहू द्या" म्हटलं आणि लगेच त्यांना एवढं वाईट वाटलं की चीफसाठी चहा आणायला गेले.

तेवढ्यात थर्ड आली, सूट न्यायला. (आता सेकंड म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही.) सगळं ऐकून घेतलं, काकांना उठवलं आणि खुर्चीत बसली. मागच्या दोन पायांवर झुलली. घड्याळ पाहिलं. चीफ "यंत्राचा दाब..." म्हणाल्या तशी तिने टेबलावर दोन बोटं वाजवली आणि म्हणाली, "ते राहू द्या. मुळात काय आहे, मी सांगतो."

सांगतो! हुबेहूब मी. तोच तिरका जबडा. मावशी जिन्यात हसून खाली बसली. मला आधी राग आला, मग मी बघतच राहिलो. बाहेरून मी असा दिसतो? हे सगळं ती केव्हा शिकली? मी तिला तोडत होतो आणि ती मला पाठ करत होती.

"उद्या मी बसते," थर्ड म्हणाली. "तिला तुझ्याएवढाच कडक माणूस मिळेल. फक्त तू नसशील."

मी हो म्हणालो. 

मी मोठं काही केलं असं तुला वाटेल, म्हणून सांगून ठेवतो: मला अजून तुझ्यासमोर बसायचंच आहे. पण तू बोलावशील तेव्हा.

काडेपेटी


२५ जुलै, जिन्यावरून

भिंगरे,

पेन्सिलीने लिहितोय, कारण पेन वर राहिलं आणि वर मी आत्ता जाणार नाही.

ठरलं असं होतं की तू यायच्या आत मी खाली. पण थर्डच्या नव्या सूटची बाही राहिली होती. ती खुर्चीत बसलेली असतानाच मी तिच्या कोपराशी टाचण्या लावत होतो, अर्ध्या बाहीत, अर्ध्या माझ्या ओठांत. आणि तू ठरल्या वेळेआधी स्क्रीनवर आलीस. तू कधी वेळेवर आली आहेस?

मी पटकन स्क्रीनच्या मागे झालो. दार माझ्या पाठीशी होतं, तुला न दिसणारं. एका पावलात बाहेर पडता आलं असतं. पडलो नाही.

तुझा आवाज बदललाय. जाड झालाय जरा. इंजिनाच्या वर बोलायची सवय लागली असेल. चीफनी विचारलं, कशी आहेस, तर म्हणालीस, "तेलात आहे, डोक्यापासून पायापर्यंत." सगळ्या हसल्या. मीही हसलो असतो, पण टाचण्या.

पहिली फेरी. थर्डने तुला सोडलं नाही. ते राहू द्या, घड्याळ, खुर्ची, सगळं. तू एकदा अडखळलीस. माझा पाय पुढे सरकला होता, खरं सांगतो. दुसऱ्या फेरीत तू म्हणालीस, "माझं वाक्य पुरं करते, मग तुमचं ऐकते," आणि थर्डसारखी थर्ड मागे सरकली. मला इतकं बरं वाटलं, जणू मीच ते वाक्य शिवून दिलं होतं.

मग तू मध्येच म्हणालीस, "तोडणारा मुलगा म्हणून ऐकलं होतं. तुम्ही तर ताई आहात."

थर्ड म्हणाली, "त्याच्याकडूनच शिकले. तो फार चांगला आहे."

"असेल," तू म्हणालीस. "माझ्याही ओळखीचा एक होता तसा. त्याच्याबरोबर सराव केला असता तर आत्तापर्यंत चीफ झाले असते." आणि तू हसलीस. ते हसू कुठल्या जातीचं होतं ते मला कळलं नाही. मी अजून विचार करतोय.

मग तिसरी फेरी. थर्डने खुर्ची चारही पायांवर टेकवली. हात मांडीवर ठेवले. पंप विचारला, दाब विचारला, आगीचं विचारलं. तू बोलत गेलीस. मग तिने तो प्रश्न विचारला.

"आणि लग्नाचं काय?"

चीफनी स्क्रीनवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. जा म्हणाल्या नाहीत, थांब म्हणाल्या नाहीत.

तू श्वास घेतलास. तोच. दाराबाहेर ऐकला होता, तोच.

भिंगरे, ते उत्तर ऐकायला मी अर्धं आयुष्य दिलं असतं. अर्धा हात पुढेच होतं ते. पण ते तू थर्डला देत होतीस, उद्याच्या साहेबाला देत होतीस. मला देत नव्हतीस. मी परत कान लावूनच उभा होतो, फक्त या वेळी दाराच्या आतल्या बाजूला.

मी टाचण्या तोंडात तशाच धरल्या, बाहेर आलो, कडी जरा वर उचलली आणि दार लावलं.